एफ म्हणजे नाही

नकाशावरचे सगळे ठिपके हिरवे दिसले आणि अर्पिता खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली.

मानवतजवळच्या गावांतले हातपंप तपासून, पिण्याजोग्या पंपाला हिरवा आणि फ्लोराइड जास्त असलेल्याला लाल रंग द्यायचं काम तिच्या संस्थेनं घेतलं होतं. पाण्याचे आकडे भरले की तिनं आणि सुग्रीवनं मिळून लिहिलेला प्रोग्राम निकाल काढायचा. त्या निकालावरून पंप रंगवणारा योगीराज सकाळीच रंगाचे डबे घेऊन निघून गेला होता. पण रानमळा वस्तीचं पाणी अर्पितानं स्वतः तपासलेलं. तिथल्या पोरांचे तपकिरी पडलेले दात तिनं पाहिले होते.

"सुग्रीव, काल काय बदललंस?"

"काही नाही. सगळ्या पंपांची सरासरी काढायच्या ओळी वर टाकल्या फक्त."

तिनं त्या वाचल्या. फ्लोराइडची सरासरी त्यानं 'एफ' या नावात ठेवली होती. रसायनशास्त्रातली खूण तीच, त्याला वावगं वाटलं नाही. खाली अर्पिताचा भाग होता. फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल, तर 'सुरक्षित' या रकान्यात एफ. तिचा एफ म्हणजे 'नाही'. आर या संगणकाच्या भाषेत 'फॉल्स' असं अख्खं लिहायचा कंटाळा आला की बरेच जण एवढंच लिहितात. अख्ख्या शब्दाला ती भाषा कुणाला हात लावू देत नाही, पण त्या एका अक्षरात कुणीही काहीही भरावं, ती चकार शब्द काढत नाही. सुग्रीवनं त्यात आकडा भरला होता. आणि शून्य सोडून कुठलाही आकडा त्या भाषेच्या लेखी 'होय'.

"म्हणजे जिथं जिथं 'नाही' होतं..." सुग्रीवचा चेहरा उतरला.

"तिथं 'होय' झालंय. नावं बदल आणि परत चालव. मी निघाले."

योगीराजचा फोन लागेना. अर्पितानं स्कूटी पिटाळली. दोन हंड्यांनी कुणाला काही होत नाही, हे तिला कळत होतं. पण पंप एकदा हिरवा झाला की पोरं तेच पाणी पीत मोठी होणार, हाडं वाकेपर्यंत.

रानमळ्यावर योगीराज ब्रश पुसत होता. पंप हिरवागार. वस्तीवरची बायनाबाई दांडा मारत होती, मागं हंड्यांची रांग.

"थांबा! पिऊ नका ते!"

"म्याडम, तुमीच तर हिरवा सांगितला," योगीराज गडबडला.

"चुकलं आमचं."

बायनाबाईनं दांडा सोडला. "अगं बाई, मागल्या खेपेला तूच म्हणलीस, पिऊ नका. तवापसून आमी लांबच्या हिरीचं पाणी आणायलोत. आज हिरवा केला. आन् आता परत न्हाई? आमी कुणाचं आयकावं?"

अर्पितानं डिकीतून तपासणीची पेटी काढली. एका नळीत बायनाबाईच्या घरचं विहिरीचं पाणी घेतलं, दुसरीत पंपाचं. दोन्हींत गुलाबी औषधाचे थेंब टाकले. बायका वाकून बघू लागल्या. विहिरीचं पाणी गुलाबीच राहिलं. पंपाचं फ्लोराइडनं हळूहळू पिवळं पडलं.

बायनाबाईनं नळी उन्हात धरली. मग भरलेला हंडा बाभळीच्या बुडाशी उपडा केला.

तेवढ्यात सुग्रीवचा फोन आला, तिनं तो स्पीकरवर घेतला. "नावं बदलली. तुझं अख्खं फॉल्स, माझं फ्लोराइड सरासरी. अर्पिता, आणखी एक लाल निघालाय. वरच्या गावातला, शाळेपाशी."

"तो मी सकाळीच हिरवा केलाय," योगीराज पुटपुटला.

"शाळा सुटायच्या आत गाठू. बस मागं." अर्पितानं स्कूटी वळवली.

बायनाबाई चाकापुढं येऊन उभी राहिली. "आधी आमचा लाल कर. मंग जा."

योगीराजनं अर्पिताकडं पाहिलं. तिनं घड्याळ पाहिलं, गाडी बंद केली आणि लाल डब्याचं झाकण स्वतःच उचकटलं.