चन्नवीरप्पांची चिता

उत्कर्षाचा फोन आला तेव्हा राजशेखर आतल्या खोलीत, पंख्याखाली, भिंतीला पाठ लावून बसला होता. एप्रिलच्या दुपारी सोलापुरात माणसाला करण्याजोगं तेवढंच उरतं. रस्ते आपापल्या घरी गेल्यासारखे ओस पडलेले असतात, आणि खिडकीला लावलेल्या ओल्या चादरीतून येणारा वारासुद्धा कुणाची तरी विचारपूस करून परत जावा तसा येऊन जातो.

उत्कर्षाला त्याने कधी पाहिलं नव्हतं. मुंबईत गुन्ह्यांच्या मालिका तयार करणाऱ्या एका कंपनीत ती काम करायची. वर्षभर ती फोनवर दुसऱ्यांच्या गोष्टी पाठवायची आणि राजशेखर त्यांना संवाद लिहून द्यायचा, बिननावाने. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, खालोखाल वर्षभरात त्याने सर्वांत जास्त ऐकलेला आवाज तिचाच होता. पण हे तिला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

"राजशेखर, उद्याचा भाग फायनल झाला. 'कथा' म्हणून तुझं नाव गेलंय. अभिनंदन. आणि ऐक, थोडे बदल केलेत. घाबरू नकोस."

"कसले बदल?"

"तो खड्डा काढलाय."

"त्या खड्ड्यावर तर सगळी गोष्ट उभी आहे."

"अरे, आपल्याकडे स्मशानाचा सेट कायमचा उभा असतो. चिता, लाकडं, धूर, सगळं तयार. खड्डा खणायचा तर युनिट बाहेर न्यावं लागतं, परवानग्या घ्याव्या लागतात. सर म्हणाले, कशाला एवढा उपद्व्याप, जाळून टाका."

"पण चन्नवीरप्पा लिंगायत आहेत, उत्कर्षा. आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात."

"मला कळतंय रे. पण बाकीच्या महाराष्ट्राला कुठे माहितीये?"

"मग निदान नाव बदला. कपाळावरची विभूती पुसा."

"शूट झालंय ना. शिवाय विभूती क्लोजअपला काय सुंदर दिसतेय."

"आणि विष? ते सापडतं कसं मग? राखेतून?"

"अंगठी," ती म्हणाली. "इन्स्पेक्टरला राखेत सोन्याची अंगठी मिळते. ती निळी पडलेली असते."

"सोनं विषाने निळं पडत नाही."

"टीव्हीवर पडतं," म्हणून ती हसली. त्या हसण्यात कपट नव्हतं, शनिवारचा शीण होता. मग आवाज उतरवून म्हणाली, "नाव नको असेल तर आत्ता सांग, अजून काढता येईल. पण मित्र म्हणून सांगते, नाव काढून घेणाऱ्याला सर पुन्हा गोष्ट देत नाहीत."

मित्र हा शब्द त्याला नीट ऐकून घ्यायचा होता, पण तेवढ्यात परसातून अव्वाचा आवाज आला. ती भिंतीपलीकडच्या दानम्माकाकूंना सांगत होती, "उद्या दुपारी जेवून येच हां दानम्मा. आमच्या राजूचं नाव येणार हाय टीव्हीत. त्याच्या अप्पाला लई हौस होती बघ."

"असू दे नाव," राजशेखर फोनवर म्हणाला.

अप्पांची हौस वेगळी होती. सिद्धलिंगप्पांनी सारा जन्म मार्केट यार्डातल्या एका भुसार दुकानात दिवाणजी म्हणून काढला. संध्याकाळी घरी येऊन पाय धुतले, कपाळाला विभूती लावली, की ते गुन्ह्यांची मालिका लावत. रहस्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते चुका काढायला बसत.

"आता बघ, ह्याचा फोन रस्त्यात पडणार," ते म्हणत, आणि फोन पडे. "कुलूपबिलूप न्हाय. कुणीबी उचलावा, आत खुनाचा फोटो तयारच." किंवा, "ही बाई पाणी आणून देती तीच खुनी. एवढी चांगली नटी नुसतं पाणी द्यायला कोण बोलावतंय?" खुनी पोलिसांपुढे उभा राहून आपली सगळी हकिगत पाठ म्हटल्यासारखी सांगू लागला, की ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसत. आता बघण्यासारखं काही राहिलं नाही, असा त्याचा अर्थ असे. "ज्यानं लिहिलं त्यालाच घाई झाली, राजू. खुनी बिचारा काय करील?"

राजशेखर फार बोलणारा मुलगा कधीच नव्हता. बापलेकांचं जे काही बोलणं झालं, ते बहुतेक या मालिकांच्या आडोशानेच झालं. एखादी कडी निखळलेली दोघांना एकाच वेळी दिसली, की ते एकमेकांकडे नुसतं बघत. आणि त्या बघण्यात जे होतं ते पुढे त्याला कुठल्याही माणसाच्या डोळ्यांत सापडलं नाही.

गेल्या वर्षी अप्पा गेले. त्यानंतर त्याने ही गोष्ट लिहिली. अप्पांना एकही चूक काढता येऊ नये अशी लिहायची, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

गोष्ट साधी होती. चन्नवीरप्पा नावाचे सोलापूरचे एक वयस्कर व्यापारी. त्यांचा बाहेरगावचा भागीदार त्यांना हळूहळू भिनणारं विष देतो. म्हातारा माणूस, हृदय थांबलं असेल, म्हणून कुणाला शंका येत नाही. भागीदाराचा सगळा भरवसा एका गोष्टीवर असतो: संध्याकाळपर्यंत अग्नी सारं गिळून टाकील. तो घाईघाईने येतो आणि बघतो, तर चन्नवीरप्पांना अंघोळ घालून, विभूती लावून, हार घालून भिंतीशी बसवलेलं आहे. जणू पाहुण्यांचीच वाट पाहत आहेत. तो आजूबाजूला बघून विचारतो, "लाकडं कशी आली नाहीत अजून?" आणि चन्नवीरप्पांचा मुलगा साधेपणाने सांगतो, "आमच्यात लाकडं लागत नाहीत." त्या एका वाक्याने भागीदाराच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरतं. पुढे शंका येते, आदेश निघतो, तहसीलदारांच्या समक्ष समाधी उकरली जाते, आणि मातीने जपून ठेवलेलं विष सापडतं. ना रस्त्यात फोन पडतो, ना कुणी पाठ म्हटल्यासारखं कबूल करतं.

चन्नवीरप्पांना त्याने अप्पांचं सगळं देऊन टाकलं होतं. बोलण्याआधीचं खाकरणं. शेंग कानाशी धरून फोडायची सवय. सोग्याने चष्मा पुसणं. अव्वाला हे सांगितलं नव्हतं. पडद्यावर एक माणूस चष्मा पुसू लागेल आणि अव्वा ओळखेल, एवढ्या एका क्षणासाठी त्याने ती गोष्ट लिहिली होती. आणि आता त्या क्षणानंतर त्याच माणसाला अव्वाच्या डोळ्यांदेखत सरणावर ठेवणार होते, खाली मुलाचं नाव लिहून.

रविवारी सकाळी तो अव्वाला म्हणाला, "आज तळ्याकडे जाऊन येऊ का? सिद्धेश्वराचं दर्शन होईल."

"ह्या उन्हात? सिद्धरामेश्वर म्हणंल, बाई, घरी बस. आणि आज तुझा भाग न्हवं का?"

"नंतर मोबाइलवर बघता येतो, अव्वा."

"मोबाइलवर दानम्मा कुटं बघणार?" असं म्हणून अव्वाने टीव्हीवरची धूळ पदराने पुसली. तिने लग्नकार्यातलं इरकल नेसलं होतं. वर्षभरात पहिल्यांदाच.

दानम्माकाकू जेवून आल्या, त्या हातात सुपारीचा डबा घेऊनच. "काय लेखक, किती मुडदे पाडलेत?"

"एकच," राजशेखर म्हणाला.

"एकच? मग दुपार कशी जायची आमची?" त्या अव्वाशेजारी सतरंजीवर टेकल्या. "निंगव्वाक्का, ह्याचं लगीन करा बाई. घरात बसून माणसं मारतंय पोरगं."

अव्वा हसली. मग पडद्यावर चन्नवीरप्पा आले आणि तिचं हसणं थांबलं.

त्या नटाने काम चांगलं केलं होतं. तो खाकरला. त्याने पोत्यातली एक शेंग उचलून कानाशी नेली आणि फोडली. अव्वा थोडी पुढे सरकली. त्याने चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला, तेव्हा तिने राजशेखरकडे पाहिलं. त्या बघण्यात कितीतरी दिवसांनी त्याला कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटलं. इथेच वीज जावी, असं त्याला मनापासून वाटलं. सोलापुरात नको त्या वेळी जाणारी वीज त्या दुपारी गेली नाही.

चन्नवीरप्पा मेले. बायका रडल्या. मग रीतीभातीचा काही पत्ता नसलेल्या माणसांनी विभूतीचे पट्टे ओढलेला तो देह आडवा खांद्यावर उचलला, आणि पुढच्या दृश्यात लाकडं रचलेली होती. धूर तयारच होता, उत्कर्षा म्हणाली होती तसा. ज्वाला चढत गेल्या. कॅमेरा कपाळाजवळ गेला.

दानम्माकाकू सुपारी कातरता कातरता थांबल्या. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांना जाळाया लागलेत की."

अव्वाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, घरात परकं माणूस आल्यावर ओढावा तसा. राखेतून निळी अंगठी निघाली, इन्स्पेक्टर तिच्याकडे बघत राहिला, भागीदाराने उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. यातलं काहीच अव्वाने पाहिलं नसावं. तिची नजर पडद्याच्या खाली कुठेतरी, जमिनीवर होती.

शेवटी नावं भराभर वर सरकली. 'कथा' या शब्दापुढे त्याचं नाव आलं आणि निघून गेलं. पळणारी अक्षरं अव्वाला कधीच गाठता येत नसत. तिने मान वर करून विचारलं, "आलं का तुझं नाव?"

राजशेखरने दानम्माकाकूंकडे पाहिलं. काकूंची नजर चांगली होती. त्यांनी वाचलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही आलं," तो म्हणाला.

"हे तुझं न्हवं ना?"

"नाही, अव्वा."

"दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं, अक्का," दानम्माकाकू डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "मी वाचलं की. मुंबईचाच असणार कुणीतरी. त्यांना काय ठावं, कुणाला बसवतात आणि कुणाला जाळतात." त्या उठल्या. दारातून त्यांनी राजशेखरकडे एकदा पाहिलं. ते रागाचं पाहणं नव्हतं, पण त्या पाहण्याने त्याचं नाव कायमचं मिटलं. आता आयुष्यात कधी तो अव्वाला सांगू शकणार नव्हता, की ते चष्मा पुसणं तरी माझं होतं.

टीव्ही बंद झाल्यावर घर फार मोठं वाटू लागलं. अव्वा बराच वेळ सतरंजीची घडी घालत राहिली.

"ते चष्मा पुसायचं कुणी सांगितलं असंल रं त्यांना?" तिने विचारलं.

"म्हातारी माणसं पुसतात, अव्वा."

"व्हय. पुसत्यात." घडी झालेली सतरंजी तिने मांडीवरच ठेवली. "मग तुझी गोष्ट कसली हाय? लागंल तवा लागंल. मला सांग की तू."

आजवर कुणी त्याला असं विचारलं नव्हतं. मुंबईहून विचारणा येई ती पानं किती झाली याची. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सांगू लागला. नावं त्याने बदलली, व्यापाऱ्याचा सावकार केला. पण बाकी गोष्ट तीच, जशी लिहिली होती तशी. भागीदाराची घाई. भिंतीशी बसवलेला देह. "लाकडं कशी आली नाहीत अजून?" हे वाक्य आलं तेव्हा अव्वाच्या तोंडावर हसू उमटलं. "फसलं म्हण की बेनं," ती म्हणाली. त्याला अप्पांची आठवण झाली. आपण नीट सांगतो आहोत असं वाटलं, आणि त्याचा आवाज नकळत वर चढला. खड्डा, बेलाची पानं, विभूती, आणि मूठमूठ माती टाकणारी माणसं. मग पोलिसांना आलेली शंका. मग आदेश. सकाळच्या वेळी फावडी घेऊन रुद्रभूमीत शिरलेले मजूर, बाजूला उभे राहिलेले तहसीलदार.

"पहिल्यांदा डोकं दिसतं," तो म्हणाला. "बसलेलाच असतो ना तो, म्हणून—"

"राजू."

तो थांबला.

"नको काढू रं त्यास्नी वर."

ती गोष्टीतल्या सावकाराविषयी बोलत नव्हती. तिने मांडीवरची सतरंजी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. वर्षभरापूर्वी अप्पांवर माती लोटली गेली तेव्हाही तिने पदराचं टोक असंच धरलं होतं. आणि त्या वेळी, तिच्यापासून हातभर अंतरावर उभं असताना, आपल्या मनात काय चाललं होतं ते राजशेखरला आठवलं. ही माती सारं जपून ठेवील, यात एक गोष्ट आहे, असा विचार त्या क्षणी त्याच्या मनात येऊन गेला होता.

"त्या टीव्हीवाल्याला ठावं न्हवतं, त्यानं जाळलं," अव्वा म्हणाली. "तुला तर ठावं हाय. माणूस शिवाजवळ जाऊन बसला. बसलेल्याला उठवायचं न्हाय."

बाहेर कुणाची तरी सायकल गल्लीतून गेली. सबंध गोष्टीत एकही चूक नव्हती. खटकावी अशी एकच जागा होती, बसलेल्याला उठवण्याची, आणि ती अप्पांना दिसली असती का, हे आता विचारता येणार नव्हतं.

"नाही काढत," तो म्हणाला.

"खरं?"

"खरं. तहसीलदार माघारी जातात. फावडी तशीच राहतात."

अव्वाने मान हलवली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग तो भागीदार? त्याला कसं धरत्यात?"

त्याने विचार केला. रस्त्यात पडलेला फोन होता, पाणी देणारी बाई होती, निळी अंगठी होती. वर्षभर दुसऱ्यांच्या गोष्टींतून हाताखालून गेलेले शेकडो उपाय होते. त्यांतला एकही त्याला उचलवेना.

"सापडत नाही तो," तो म्हणाला.

"राहू दे मग," अव्वा म्हणाली, आणि सतरंजी उचलून आत गेली.