सात क्रमांकाचा प्रस्ताव

"सर, सही राहिली."

संशोधन कक्षाच्या प्रमुखांनी कागद पुढे सरकवला. 'या छाननीत माझ्या नात्यातल्या कुणाचाही अर्ज नाही' अशी त्यावर एका ओळीची ग्वाही होती. तराजू सरांनी खिशातलं पेन काढलं आणि बेधडक सही ठोकली. त्यात खोटं काहीच नव्हतं. बायकोने महिन्याभरापूर्वीच सांगून टाकलं होतं, की यंदा अर्जबिर्ज काही नाही. आणि बाई एकदा बोलल्या की बोलल्या.

तराजू सर हे अर्थातच पोरांनी ठेवलेलं नाव. रसायन विभागात उभी हयात गेली, पण उत्तरपत्रिका तपासताना अर्ध्या गुणासाठी त्यांचा जीव अजून खालीवर व्हायचा. प्रमुखांचा पुतण्या असो नाहीतर शिपायाची मुलगी, माप एकच. नावं ठेवण्यात पोरांचा हात कुणी धरू शकत नाही. जीवशास्त्र शिकवणाऱ्या त्यांच्या बायकोचं पोरांनी गांडूळबाई करून टाकलं होतं, आणि बाईंना ते नाव मनापासून आवडायचं. "काम करतं आणि बोलत नाही असा एकच प्राणी आहे विद्यापीठात," असं त्या वर्गात सांगायच्या, आणि वर्ग हसायचा.

विद्यापीठामागच्या जुन्या फळबागेतली माती त्या पंचवीसेक वर्षं खणत आल्या होत्या. कुठल्या झाडाखाली किती गांडुळं, कुठली जात गेली, कुठली परत आली, एवढंच. त्यांच्या खोलीत मातीच्या परड्या, नमुन्यांच्या बरण्या आणि ओल्या गोणपाटाचा वास. हे काम थोडक्यात चालणारं असलं तरी फुकट चालणारं नव्हतं. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी संशोधन कक्षाकडून येणारी 'निधीवार्ता' त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. कोणती संस्था कशासाठी पैसे देते, वयाची अट काय, अर्ज कधीपर्यंत, सगळं. बहुतेक प्राध्यापक ती उघडतही नसत. बाई अर्ज करायच्या आणि नकार यायचा. कुणाला त्यात 'नवीन' काही दिसायचं नाही, कुणाला उपयोग दिसायचा नाही. गेल्या वर्षीचा नकार आला तेव्हा सरांना राहवलं नाही. "पुरे आता," ते म्हणाले होते. "किती वेळा लोकांच्या दारात जाऊन उभी राहणार आहेस?"

बोलले मायेपोटीच, पण लागायचं तिथे लागलं. बाईंनी त्यानंतर घरात निधीचा विषय काढला नाही.

त्यात बाईंच्या विभागप्रमुखांनी फर्मान काढलं. ज्यांच्याकडे प्रकल्प नाही, त्यांची खोली वर्षअखेर काढून घेणार. बाईंच्या निवृत्तीला चार वर्षं होती. खोली गेली की काम गेलं, इतका सरळ हिशोब होता. नेमकी त्याच सुमारास निधीवार्तेत मातीच्या अभ्यासाची संधी झळकली: तीन वर्षं पैसे, मात्र एका विद्यापीठातून एकच प्रस्ताव. कोणता पाठवायचा ते विद्यापीठाने आतल्या आत ठरवायचं.

"करणार का?" सरांनी चहा घेताना विचारलं होतं.

"छे हो. कशाला उगाच," बाई म्हणाल्या होत्या आणि कप उचलून आत गेल्या होत्या.

म्हणून सही करताना सरांचा हात जराही अडखळला नाही.

प्रस्ताव बाहेर न्यायची परवानगी नव्हती. कक्षाच्या मागच्या खोलीत बसूनच वाचायचे. नावांवर पट्ट्या चिकटवलेल्या, वर फक्त क्रमांक. पहिले तीन सरांनी शांतपणे वाचले, गुण दिले, शेरे लिहिले. चौथा उघडला आणि पहिल्याच परिच्छेदाशी थांबले.

'पहिल्या वर्षी आमच्या हाती काहीच लागले नाही. ते का लागले नाही, हे आधी सांगते.'

सरांना हसू आलं. ही बाईच. स्वतःचं फसलेलं आधी सांगायचं आणि जमलेलं नंतर, अशी खोड दुसऱ्या कुणाला असणार? पुढे जुनी फळबाग होती, ओंजळीत ढेकूळ फोडून बघायची पद्धत होती, पाल्हाळ नव्हतं. म्हणजे केला होता तर अर्ज. न सांगता. आपल्या त्या बोलण्याला घाबरून न सांगता.

त्या क्षणी उठायला हवं होतं. कक्षप्रमुखांना सांगायचं, की बाबा, ओळखीचा अर्ज निघाला, मला मोकळं कर. अशा दोन समित्यांवरून सर पूर्वी उठले होते, तेही लांबच्या नात्यासाठी. आज ते खुर्चीत बसून राहिले. खोलीतल्या परड्या त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. घरी आल्यावर न बोलता नखं घासत बसणारी बायको डोळ्यांपुढे आली. एकदाच, ते मनाशी म्हणाले. जन्मात एकदाच.

सातवा प्रस्तावही गांडुळांचाच निघाला. तीच बाग. हा धाकटीचा, त्यांनी ओळखलं. धाकटी म्हणजे बाईंची विद्यार्थिनी, आता त्याच विभागात शिकवणारी; बाई तिला 'पोरगी' म्हणायच्या. प्रस्ताव चकचकीत होता. 'परिवर्तनशील मृदा-परिसंस्था', 'समाजाभिमुख फलनिष्पत्ती', पानापानावर रंगीत आकृत्या. आत मात्र माल होता, हे सरांसारख्या माणसाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. पंचवीस वर्षांची आकडेवारी होती. ती बाईंनी पोरीला दिली असणार, बाई देतातच. बाकीचे दोघे परीक्षक या रंगांना भुलणार, हेही त्यांना दिसत होतं. चौथा वर यायचा तर सातवा खाली जायलाच हवा होता.

त्यांनी चौथ्याला पैकीच्या पैकी दिले. सातव्याला कापलं. कापायचं तर कारण हवं, म्हणून शेरा लिहिला: 'भाषा सफाईदार आहे, परंतु लिहिणाऱ्याने कधी स्वतःच्या हातात माती घेतली असेल, असे वाटत नाही.' लिहून झाल्यावर तो शेरा त्यांना बराही वाटला.

निकाल पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी लागला. चौथा क्रमांक निवडला गेल्याचं समितीला कळवलं. पट्टीखालचं नाव सांगण्याची रीत नव्हती आणि सरांना विचारायची गरज वाटली नाही. ते शीळ घालत घरी आले. शीळ त्यांना येत नव्हती, तरी घालत आले.

बाई जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडत बसल्या होत्या. समोर दोन कागद होते.

"अहो, बसा. एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "रागावू नका. मी अर्ज केला होता त्या मातीच्या निधीला."

"अस्सं!" सरांनी जमेल तेवढं आश्चर्य चेहऱ्यावर आणलं. "मग?"

"नाही झालं."

"नाही कसं होईल?"

शब्द तोंडातून निघून गेले. बाईंनी निवडायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. मग परत देठ मोडायला लागल्या.

"पोरीचा झाला. चांगला लिहिला होता तिने, मला दाखवला होता. माझ्याकडूनच शिकली, पण माझ्यापेक्षा बरं लिहिते आता. मी आपला भाचीकडून करून घेतला. ती जाहिरातीच्या कंपनीत आहे ना. म्हणाली, 'मावशी, तुझं वाचून लोकांना झोप येते, काय फसलं ते कशाला आधी सांगतेस, आण इकडे.' तिने सगळं रंगवून दिलं. इतक्या नकारांनंतर मलाही वाटलं, असेल बाबा, आपलीच रीत जुनी झाली असेल."

सरांना खुर्ची ओढून बसावं लागलं. घरातलं सगळं जागच्या जागी होतं आणि त्यांना पाय ठेवायला जागा सापडत नव्हती.

"शेरेही आलेत," बाईंनी वरचा, सात क्रमांकाचा कागद उचलला आणि वर्गात वाचावं तसं वाचलं. "'लिहिणाऱ्याने कधी स्वतःच्या हातात माती घेतली असेल, असे वाटत नाही.'"

कागद खाली ठेवून त्यांनी आपले हात पाहिले नाहीत की काही नाही. भाजी पुढे ओढली.

"कुणी लिहिलं असेल असं..." सर पुटपुटले.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही कधी सरळ 'नाही' म्हणता का? पंखा चालत नसला तरी 'चालेल असं वाटत नाही' म्हणता. मी तुमची एक ओळ वाचली आणि ओळखलं. तुम्ही माझी वीस पानं वाचलीत."

बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, मागे घे, मागे घे, असं ओरडत होतं.

"मला चौथा तुझा वाटला," सर म्हणाले. आयुष्यात इतकं लहान वाक्य त्यांना इतकं जड गेलं नव्हतं.

बाईंना ते उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी मऊ आलं. सरांना ते दिसलं, आणि लगेच गेलेलंही दिसलं.

"म्हणजे मी आहे असं समजूनही बसून राहिलात? उठला नाहीत?"

"नाही उठलो."

"आणि सातवा? तो कुणाचा वाटला?"

सरांनी टेबलावरचा दुसरा कागद उगाच सरळ केला.

"पोरीचा वाटला," बाईंनीच उत्तर दिलं. आता पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. "पोरीला असं लिहिलंत तुम्ही? सहा वर्षं ती माझ्याबरोबर भर उन्हात खणत होती हो. तिला हे वाचायला मिळालं असतं तर तिने काम सोडलं असतं. मला पाडलंत त्याचं काही नाही, मला सवय आहे. पण तिला पाडायला निघालात, तेही माझ्यासाठी?"

"तुझी खोली जाणार होती."

"जाणारच आहे." बाईंनी पदराने डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही. "तुम्हाला का सांगितलं नव्हतं, माहितेय? दरवर्षी तुम्ही इथल्या समितीवर असता. म्हटलं, आजवर परक्यांनी नाही म्हटलं. एकदा असा माणूस वाचू दे, जो मला बघून देणार नाही. तुम्ही नाही म्हणाला असता, तर मी मुकाट्याने खोली आवरली असती. कळलं असतं तरी, काम कसं होतं ते. आता कसं कळायचं?"

"चांगलं होतं," सर घाईघाईने म्हणाले. "आतलं काम फार चांगलं होतं गं. म्हणूनच तर कापावं लागलं."

बोलून गेल्यावर ते काय बोलले हे त्यांना ऐकू आलं.

"उद्या सकाळी कक्षात जातो. सगळं सांगून टाकतो. समिती सोडतो, नोकरीवर आलं तरी चालेल."

"आणि पोरीचं काय? छाननीच रद्द होईल. मुदत संपत आली, दुसरी करायला वेळ कुठला? विद्यापीठाची जागा रिकामी जाईल. तिने कुणाचं काय घोडं मारलंय?" बाई उठल्या, भाजीची परात उचलली. "नाही. गप्प बसायचं. तुमच्याच्याने होईल असं नाही, पण बसायचं."

चूक केली की निस्तरायची, इतकं सोपं गणित सरांनी आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं. इथे निस्तरायलाही जागा नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी नाव पाहिलं, घसा साफ केला, आणि त्यांचा वर्गातला खणखणीत आवाज घरभर झाला. "बोला! अगं अभिनंदन, अभिनंदन! वेडी आहेस का, मला कशाला वाईट वाटेल? रडतेस काय, बावळट... हो, माझ्या परड्या, बरण्या, सगळं तुझ्याकडे घेऊन जा, नाहीतरी मला जागा नाही आता. आपणच नेऊ दोघी." मध्येच त्या हसल्याही. मग म्हणाल्या, "सर? हे काय, इथेच आहेत. देते."

फोन सरांच्या हातात आला. बाई ओट्याकडे वळून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. नळ सोडला नाही, भांडं वाजवलं नाही.

"सर, तुम्हाला विचारायचं नसतं, ठाऊक आहे मला," धाकटी पलीकडून म्हणाली. रडून तिचा आवाज भरला होता. "पण मॅडमचा होईल असंच वाटत होतं मला. त्यांचं काम, मी फक्त शिकले. एवढंच सांगा, माझा खरंच चांगला होता का हो?"

सरांनी बायकोच्या पाठीकडे पाहिलं. प्रस्ताव चांगला होता. पहिल्या ओळीपासून चांगला होता. पण ते त्याच्या चांगलेपणावर भुलले होते, की त्यात बायको दिसली म्हणून, हे आता कुठल्याही परीक्षेने काढता येण्याजोगं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "चांगला होता."

"खरंच, सर?"

"खरंच."

बाईंनी मग नळ सोडला. भाजी धुतली, हात पुसले, गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे काढून आणले आणि पलंगावर बसून एकेक घडी घालायला घेतली. सर दारात उभे होते. त्यांचा सदरा हातात आला, तेव्हा बाईंनी रोजच्यासारखी त्याची कॉलर हाताने सरळ केली, बाह्या मागे दुमडल्या, आणि पलंगाच्या त्यांच्या बाजूला नेऊन ठेवला.