उसवलेली शिवण

पडद्याच्या कापडाच्या ताग्यांमागे शिवणमावशीने पोट आत ओढून घेतलं आणि श्वास रोखला. काळे बूट दुकानासमोर थांबले, जरा घुटमळले आणि पुढे गेले. कापडाआड लपायचं तर कापडाला धक्का लागू द्यायचा नाही, एवढी अक्कल बावीस वर्षांत कापडानेच तिला शिकवली होती.

टीव्हीवरचा हा पकडापकडीचा खेळ दर रविवारी थेट दाखवत. एक अख्खा बाजार रिकामा करायचा, बारा जणांना त्यात सोडायचं आणि काळ्या सुटातले चार पकडे त्यांच्या मागे लावायचे. पकड्याचा हात खांद्याला लागला की माणूस बाद. तासाभराने भोंगा वाजेपर्यंत जो सुटून राहील, त्याला त्याच बाजारातला एक गाळा वर्षभर वापरायला मिळणार होता. बघणाऱ्यांना गंमत पळापळीची. मावशीचा जीव अडकला होता गाळ्यात. इतकी वर्षं ती स्वयंपाकघरात शिवत आली होती. जेवायची वेळ झाली की मशीन भिंतीकडे ढकलायचं, आणि एखादीला कपडा घालून बघायचा असला की घरातल्या पुरुषांनी जिन्यात जाऊन उभं राहायचं. आपला अर्धा संसार जिन्यातच झाला, असं तिचा नवरा ज्याला-त्याला सांगत असे.

अर्ज भरला होता जावेने, तोही मस्करीत. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारी बाई पहिल्या पाच मिनिटांत घरी येईल, अशी सगळ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात तरणेताठे अकरा जण बाद होऊन बाहेर पाणी पीत बसले होते आणि मावशी अजून आत होती. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं उरली होती. तिला हसू आवरेना. इतकी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती.

ती ताग्यांमागून निघाली आणि नेमकी उंटासमोर आली. उंट म्हणजे पकड्यांमधला सगळ्यात लांब टांगांचा गडी. नाव प्रेक्षकांनीच ठेवलेलं. त्याच्या तावडीतून अजून कोणी सुटलं नव्हतं. मावशी पळाली ती थेट मागच्या जिन्याकडे, आणि जिन्याच्या दाराला कुलूप. तिने वळून पाहिलं. उंटाने समोरच्या हातगाडीवरून उडी घेतली.

टर्रकन आवाज झाला. कुठलीही शिवण उसवण्याचा आवाज मावशी झोपेतही ओळखेल. उंट जमिनीला पाय टेकताच मटकन खाली बसला, पाठ भिंतीला लावून. चेहरा लालबुंद.

वाट मोकळी झाली. मावशी त्याच्या बाजूने निसटली, सात-आठ पावलं गेलीसुद्धा. मागून हळू आवाज आला. पकड्यांना बोलायची बंदी होती, तरी तो बोलला.

"मावशी, कॅमेरा येतोय. घरी आई बघत असेल."

बाकीचे तिघे पकडे खालच्या मजल्यावर गाळे धुंडाळत होते, आणि तिथूनच कॅमेरावाल्याची धापा टाकत येणारी पावलं ऐकू येत होती. मावशी थांबली. मनातल्या मनात तिने स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि परत फिरली. तिच्या ब्लाउजच्या गळपट्टीत दोरा ओवलेली सुई खोचलेली होती. ती नसली तर तिला उघडंवाघडं वाटायचं.

"उठ. भिंतीकडे तोंड कर, आणि हलू नकोस. टोचेल."

ती त्याच्यामागे गुडघ्यांवर बसली. पँटची मागची शिवण वीतभर गेली होती. मशीनची एकेरी टीप, तीही सैल. ज्याने शिवलं त्याला धरून आणावं, असं ती पुटपुटली. कच्चा धावदोरा घातला असता तर अर्ध्या मिनिटात भागलं असतं, पण असलं काम तिच्या हाताला जमेना. तिने वेळखाऊ पण पक्की उलटटीप घालायला घेतली. कॅमेरावाला पोचला, तेव्हा मान न वळवता तिने त्याला चेहऱ्यांकडे बघायला सांगितलं, आणि त्यानेही मुकाट्याने ऐकलं.

शेवटची गाठ मारून तिने दाताने दोरा तोडला. घड्याळात दोन मिनिटं होती. उठायला गेली तर पायांना मुंग्या आलेल्या. एक पाऊल टाकवेना. उंट वळला. तिचा खांदा त्याच्या हाताशी होता. गेला गाळा, असं तिला वाटलं. पण बावीस वर्षांची सवय तोंडाला. चालून बघितल्याशिवाय तिने कुणाला कपडा नेऊ दिला नव्हता.

"जरा त्या कोपऱ्यापर्यंत चालून ये बघू."

बोलून गेल्यावर तिलाच कळलं, आपण कुणाला काय सांगितलं ते.

उंटाने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग हात मागे बांधून तो चालू लागला. ज्याला तो कोपरा चार ढांगांचा होता, तो एखाद्या आजोबांसारखा रमतगमत गेला. कोपऱ्यावर थांबून त्याने एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा. एक बैठक मारली. जरा विचार करून आणखी एक मारली, अगदी सावकाश.

भोंगा वाजला तेव्हा तो परत येताना अर्ध्या वाटेत होता. मावशी जमिनीवरच बसून राहिली. हसता हसता तिला रडू यायला लागलं.

"छान बसलीय," उंट म्हणाला. खेळ संपला होता, आता बोलायला हरकत नव्हती. "आणखी दोन पँटी आहेत अशाच. दुकान कुठे असेल तुमचं?"

"अजून कुठे ठरलंय."

"ठरू दे," तिला उठवायला हात देत तो म्हणाला. "शोधून काढीन."