सुनेची टाळी

हेडमेकॅनिकच्या घरात मोठ्या स्पर्धांच्या दिवसांत एक नियम होता. आपला खेळाडू पडद्यावर आला की झाडून सगळ्यांनी आपल्या संघाची जर्सी घालून सोफ्यावर बसायचं. सूनबाई परदेशातून लग्न होऊन आलेली, तीही हौसेने जर्सी घालून बसायची. पण परवा धावण्याच्या उपांत्य फेरीत तिच्या माहेरच्या देशाची मुलगी पहिली आली, आणि हिने उभं राहून टाळ्या पिटल्या!

हेडमेकॅनिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जर्सी आमची आणि टाळ्या परक्यांना? असल्या माणसाबरोबर मी टीव्ही बघणार नाही!"

त्या दिवसापासून सूनबाई बाहेरच्या खोलीत बसेनाशी झाली. मुलगा कात्रीत सापडला आणि गुपचूप भाड्याचं घर शोधू लागला.

अंतिम फेरीच्या दिवशी हेडमेकॅनिकच्या बायकोने विषय काढलाच.

"अहो, आपलं लग्न झालं त्या वर्षी तुमच्या वर्कशॉपची माझ्या भावाच्या गिरणीशी फुटबॉलची मॅच होती. मी कुणाच्या नावाने ओरडत होते?"

"भावाच्या. घसा बसेपर्यंत."

"मग मी या घरची नव्हते?"

"ते वेगळं. हा देशाचा प्रश्न आहे."

"देशाने तिला नागरिक करून घेतलं. तेव्हा माहेर विसर, अशी अट नाही घातली. ती तुम्ही घालताय!"

हेडमेकॅनिक फणकाऱ्याने उठले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ओट्याशी सूनबाई मोबाइलवर अंतिम शर्यतीसाठी मैदानात उतरणाऱ्या माहेरच्या मुलीला बघत होती. आवाज पूर्ण बंद, आणि ओरडा बाहेर पडू नये म्हणून तोंडावर पदर दाबलेला. त्यांना पाहताच तिने मोबाइल झटकन पालथा घातला.

अरेरे! आपल्याच घरात पोरीला आनंद चोरून करावा लागतोय! त्यांना स्वतःची लाज वाटली.

"बाहेर ये," ते म्हणाले, "मोठ्या पडद्यावर बघ. आणि चांगली ओरड. मीही आपल्या देशाच्या पोरीसाठी ओरडणार आहे, मागे हटणार नाही!"

"बाबा, तिच्यासाठी मीही ओरडते. पण पहिली यावी ती आमचीच," सूनबाई हळूच म्हणाली.

"बघू की!"

दोघांनी घर डोक्यावर घेतलं. पहिली आली सूनबाईच्या माहेरची, आपली तिसरी. हेडमेकॅनिकचं तोंड एवढंसं झालं, पण टाळ्या त्यांनी दोघींसाठी वाजवल्या. मुलाने घर शोधणं थांबवलं.

मंडळी, खेळ बघताना आपल्या शेजारचं माणूस कुणासाठी ओरडतं यावरून त्याची निष्ठा तपासू नका. ज्या घरात माहेरासाठी ओरडता येतं, तेच घर सुनेला आपलं वाटतं. देशाचंही तसंच आहे.