काकीच्या दारातलं शूटिंग

कंग्राळीत तेरा भागांच्या मालिकेचं शूटिंग आलं ते सत्त्याऐंशी साली, ऐन चैत्राच्या उन्हात, आणि आल्या दिवसापासून त्याच्यामागं काही ना काही लागलंच. कॅमेरा लागला की लाइट जायची. लाइट आली की मुंबईच्या नटीला घेरी यायची. दहाव्या दिवशी नायकाला सिनेमाचं काम आलं. 'दोन दिवसांत येतो' म्हणून गेला तो फिरकलाच नाही. तारा गेल्या, ट्रंककॉल झाले. दिग्दर्शक मुजुमदार ओट्यावर बसून कागद लिहायचे, फाडायचे आणि पुन्हा लिहायचे.

सगळ्यांत जास्त पळापळ होती परशरामची. तो गावातलाच, प्राथमिक शाळेत मास्तर. सुट्टी लागली होती म्हणून युनिटची गावातली सगळी व्यवस्था त्यानं अंगावर घेतलेली. शूटिंगला घर हवं म्हटल्यावर त्यानं गंगव्वाकाकीचं मिळवून दिलं. काकी म्हणजे त्याच्या वारलेल्या चुलत्याची बायको. तिच्या लेकीचं, बाळाबाईचं, लग्न वैशाखात ठरलेलं, नवरा नंदगडचा. म्हणून काकी आधी कचरली होती.

"परशा, लगीनघर हाय रं."

"काकी, नुस्तं बोलणं-चालणं आसतंय. वंगाळ कायबी हुणार न्हाय," त्यानंच शब्द दिला होता.

आणि आता मुजुमदारांनी तोड काढली होती. "नायक मरतो. पाचव्याच भागात. पांढऱ्या कापडाखाली कोण आहे ते कुणाला दिसतंय? तिरडी दारातून निघते, आई हंबरडा फोडते, आणि पुढची मालिका आईची."

परशराम पुढं झाला. "साहेब, त्या घरात पंधरा दिवसांवर लग्न आहे. काकी दारात तिरडी येऊ देणार नाही."

"म्हणूनच त्यांना उद्या कुठंतरी घेऊन जा. चारपर्यंत उरकतो. परत येतील तेव्हा अंगण झाडून साफ असेल." मुजुमदारांनी चष्मा काढून डोळे चोळले. "उद्या हे नाही झालं, तर परवा गाड्या मुंबईला. मग मालिका संपली, परशराम."

मालिकेच्या सुरुवातीला पडद्यावर आपलं नाव येणार, हे परशरामनं सगळ्या शाळेत सांगून ठेवलं होतं. तो नाही म्हणाला नाही.

काकीचा भाऊ सिद्राम निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होता. मामाला लग्नाचं आवतण द्यायला काकीला जायचंच होतं. "मी येतो संगं," परशराम म्हणाला, तशी ती हरखली. सकाळच्या गाडीनं दोघं निघाली.

सिद्रामाच्या घरी जेवण झालं, आहेराचं बोलणं झालं. परशरामचं मन तिथं नव्हतं. कोणी काही विचारलं की तो दचकून 'व्हय व्हय' म्हणे. एकदा उठून दारात जाई, एकदा आत येऊन भिंतीवरचं घड्याळ बघे. दीड वाजला. आता तिरडी बांधत असतील. पावणेदोन. काकी उठली तर हा म्हणाला, "बस काकी, ऊन लई हाय." ती बसली. मग परत उठली. दुसऱ्यांदा त्यानं अडवलं नाही.

स्टँडवर आल्यावर काकीनं बुंदीचे लाडू बांधून घेतले. चांगले दोन किलो.

"एवढे कुणाला?"

"त्या शूटिंगवाल्यांस्नी. लांबनं आल्यात बिचारी, आपल्या दारात राबत्यात. नवरीच्या घरचं गोड तोंडात पडू दे की."

परशराम तिला कडेच्या बाकापाशी घेऊन गेला. आणि तिथंच, गाड्यांच्या घरघरीत, त्यानं सगळं सांगून टाकलं. तिरडी. चार वाजेपर्यंतची बोली. मुद्दाम आणलं ते.

काकी ओरडली नाही. पुडा छातीशी धरून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "बाळी घरात हाय, परशा."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कालपासून तो काकीचाच विचार करत होता. जिचं लग्न होतं तिचा नाही.

परतीच्या वाटेवर संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली. काकीनं खिडकीबाहेरची नजर काढली नाही. बेळगावहून टांगा करून ती दोघं कंग्राळीत पोचली तेव्हा साडेचार झाले होते.

गल्लीच्या तोंडाशी युनिटची माणसं चिंचेखाली बसली होती. अंगणाबाहेर तिरडी तशीच उन्हात पडलेली. पांढरं कापड वाऱ्यानं अर्धं उडालेलं. आणि उंबऱ्यावर बाळाबाई बसली होती. सकाळी बांबू आले तेव्हापासून. पाणीसुद्धा प्यायली नव्हती. तिच्याभोवती गल्लीतल्या पाच-सहा बायका. मुजुमदारांनी समजावून सांगितलं होतं, हात जोडले होते, शेवटी ओरडलेही होते. ती एकच बोलली होती, "माझ्या अंगावरनं न्या."

काकी धावत जाऊन तिच्याजवळ बसली. बाळाबाईनं आईच्या खांद्यावरून परशरामकडं बघितलं.

"अण्णा, तुला ठावं हुतं?"

"व्हय," तो म्हणाला.

ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी गाड्या मुंबईला गेल्या. चित्रित झालेल्या चार भागांचं काय झालं, ते कधीच कळलं नाही. ती मालिका टीव्हीवर आली नाही. शाळेत मास्तरलोक काही दिवस विचारत राहिले, मग विचारायचे थांबले.

लग्न ठरल्या दिवशी झालं. परशराम मांडवात पाण्याच्या घागरी वाहत होता. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं, जा म्हटलं नाही. काकीनं बोलणं टाकलं ते टाकलंच. तिच्या घरावरून जाताना तो मान खाली घालून भरभर चालायचा. वर्गात पाढे घेता घेता मध्येच थांबायचा. मुलं एकमेकांकडं बघायची.

दिवाळीनंतर एका सकाळी काकी शाळेच्या पायरीशी आली. हातात नंदगडचं पत्र, आधीच फोडलेलं. तिला वाचता येत नव्हतं, पण वाचून दाखवणारे गल्लीत चार जण होते.

"वाच," ती म्हणाली. "समदं वाच."

परशराम वाचू लागला. सासू चांगली आहे, म्हैस व्याली, भात कापून झालं. पुढची ओळ त्यानं आधी मनात वाचली. गाळली तर काकीला कळणार नाही, असं वाटून गेलं. त्यानं वाचली :

"परशाअण्णाला सांग, माझा राग अजून गेलेला नाही."

काकीनं पत्र घेतलं, घडी घालून कनवटीला लावलं.

"व्हय," ती म्हणाली. "खरं वाचलास." आणि मग जरा थांबून, "सांजच्याला ये. उत्तर लिवायचं हाय."