टॉवेल वर जाईपर्यंत

आरमुगमला सगळ्यात जास्त चीड यायची ती बायकोच्या टॉवेलची. तीस वर्षं तो कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती होडी, घेऊन पहाटे लाटा फोडून बाहेर जायचा, शॅड मासे धरायचा, आणि परतताना लाटा फुटतात त्या रेघेच्या अलीकडे, खोल पाण्यात येऊन थांबायचा. समुद्राकडून लाटांच्या नुसत्या पाठी दिसतात, तोंडं दिसतात ती वाळूवरून. म्हणून त्या किनाऱ्यावर प्रत्येक कयाकवाल्याचं एक माणूस वाळूत उभं असतं. मोठ्या लाटांची झुंड सरून उसंत आली की त्यानं काहीतरी वर करायचं, आणि बाहेरच्यानं जीव खाऊन वल्हवत आत यायचं. आरमुगमचं माणूस म्हणजे देवगी, आणि तिच्या हातात हळदीसारखा पिवळा, आंघोळीचा टॉवेल.

"तुझा टॉवेल वर जायला पंचांग बघावं लागतं," किनाऱ्याला लागल्यावर त्याचं पहिलं वाक्य हेच. "तीन चांगल्या उसंती फुकट गेल्या. मी काय तिथं अंडी उबवत बसतो?"

"मला दिसली नाही हो उसंत," देवगी म्हणायची. टॉवेलाच्या कोपऱ्यात तिनं मारियम्मनच्या देवळातली चिमूटभर विभूती बांधलेली असायची. ती गाठ सोडायची आणि त्याच टॉवेलानं नवऱ्याची पाठ पुसायची. गाठीवरूनही तो टोमणा मारायचाच. समुद्राला काय गाठी मोजायचं काम दिलंय का, म्हणायचा.

मग गेल्या मार्चमध्ये त्याला झटका आला. तोंड हळूहळू सरळ झालं, पाय चालता झाला, पण डावा हात खांद्यापासून लोंबताच राहिला. एका हातानं वल्हं मारता येत नाही, हे डॉक्टरांच्या आधी त्यालाच कळलं होतं. घरी आला, समुद्राकडच्या खिडकीचा पडदा ओढला आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसला. तीन महिने बसला. रागावला असता तर बरं होतं. पण ज्या माणसानं तीस वर्षं मिठावरून, चहावरून, टॉवेलावरून कुरकुर केली, तो आता काहीही समोर ठेवलं तरी "ठीक आहे" म्हणायला लागला.

जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, शॅडचा हंगाम लागला आणि आरमुगमचा भाचा केसवन आला. "मामा, कयाक नुसती पडून आहे. मी नेऊ का?"

"ने," आरमुगम म्हणाला, जुनी रद्दी द्यावी तसा.

देवगी आतून कालथा घेऊनच बाहेर आली. "कयाक कुठं जाणार नाही. मी शिकणार आहे."

केसवनला हसू आवरेना. "मामी, तुम्ही? चौपन्नाव्या वर्षी? गुडघ्याला विचारलंत का?"

"तू लंगोटात होतास तेव्हा मी खाडी पोहून पलीकडे जायचे. मला तुझा मामा शिकवेल. नाही आला, तर तू शिकव. बुडवशील, पण शिकव."

खुर्ची करकरली. "हा शिकवणार?" आरमुगम म्हणाला. "ह्याला स्वतःला पाठीवर लाट आली की दिशा कळत नाही. गाढवाला गुळाची चव काय."

तीन महिन्यांनी तो कुणाला तरी नावं ठेवत होता. देवगी पटकन वळून आत गेली, कारण तिचे डोळे भरून आले होते. तिला कयाक हवी होती कुठं? तिला तिचा कुरकुऱ्या माणूस परत हवा होता, आणि त्याला त्या पडद्याआडून बाहेर काढायचा दुसरा रस्ता तिला सुचला नव्हता.

पहिले चार दिवस पाण्याला पाय लागला नाही. कोरड्या वाळूत कयाक ठेवून, तिला वर बसवून, आरमुगम पायानं कयाक हलवायचा. वाटेच्या कडेला उकडलेली कणसं विकणारी माचेले पोटावर हात धरून हसायची. "बाबा, तुमची नाव वाळूत किती मैल गेली?"

"तुझ्या कणसांपेक्षा लवकर पोचेल," आरमुगम म्हणायचा. आवाज पहिल्यासारखा चढू लागला होता.

मग फेसाळ पाणी आलं, आणि देवगीची फजिती सुरू झाली. बाहेर जाणं तिला जमलं. लाट अंगावर आली की थांबायचं नाही, वल्हं तिच्या माथ्यापलीकडे रोवून स्वतःला ओढून न्यायचं. घोडं पेंड खायचं ते परत येताना. मागून लाट गाठायची, कयाकचं नाक वळवायची आणि कयाक लाटेला आडवी व्हायची. अशा वेळी लाटेकडे कलायचं असतं, वल्हं तिच्या फेसावर टेकवून, तिच्यावर रेलून. पण माणसाचं अंग धडका देणाऱ्यापासून दूर पळतं. देवगी दर वेळी किनाऱ्याकडे कलायची आणि दर वेळी उलटी व्हायची.

"लाटेकडे!" आरमुगम वाळूतून ओरडायचा. "किनाऱ्यावर काय तुझं माहेर आहे? आणि पडलीस की कयाकच्या समुद्राच्या बाजूला राहा, नाहीतर पुढची लाट तीच कयाक तोंडावर मारेल."

एकदा मारलीच. गाल सुजला. त्या संध्याकाळी देवगी चुलीपाशी डाळ ढवळत होती, तेवढ्यात आरमुगम मागून आला आणि त्यानं चांगल्या खांद्यानं तिला बाजूनं ढकललं. ती दूर सरकली.

"चुकलं," तो म्हणाला. पुन्हा ढकललं. ती पुन्हा सरकली.

"अहो, डाळ सांडेल."

"सांडू दे. ढकलणाऱ्याकडे कल."

तिसऱ्या वेळी ती कलली. तिचा सगळा भार त्याच्या छातीवर गेला आणि तो हलला नाही. झटक्यानंतर तो तिच्या इतक्या जवळ उभा राहिला नव्हता. डाळ खाली लागली, वास सुटला, तरी दोघं काही वेळ तसेच राहिले.

जुलैच्या एका रविवारी सकाळी समुद्र शांत होता. आरमुगमनं वाळूत उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "आज लाटांच्या बाहेर जा. वळ, आणि माझी खूण दिसली की ये. उगाच वीरपणा नको." पिवळा टॉवेल त्यानं स्वतःच खांद्यावर टाकून आणला होता.

देवगी बाहेर पोचली तेव्हा तिचे हात भरून आले होते. इथं लाटा फुटत नव्हत्या, नुसत्या वर उचलून खाली ठेवत होत्या. उसाच्या टेकड्या दिसत होत्या, माचेलेच्या चुलीचा धूर दिसत होता. तीस वर्षं हा माणूस अंथरूण सोडून कुठं जात होता, ते तिला आज दिसलं, आणि त्याला ते आता दिसणार नाही म्हणून तिचा जीव कळवळला. मग तिनं नाक किनाऱ्याकडे वळवलं आणि थांबली.

लाटांची झुंड आली. सहा पाठी पुढे गेल्या, पाणी सपाट झालं. ही उसंत. टॉवेल वर गेला नाही.

दुसरी झुंड, दुसरी उसंत. वाळूतला पिवळा ठिपका जागचा हलला नाही. तिसरी गेली, चौथी गेली. गुडघा आखडला. वारा फिरायला लागला होता, आणि तो एकदा चढला की ह्या लाटा तिला आवरणाऱ्या नव्हत्या. "अहो, पंचांग बघताय का?" ती मोठ्यानं म्हणाली आणि स्वतःच दचकली. वाक्य त्याचं होतं.

आणि तिला एकदम सगळं कळलं, कारण ते सगळं तिच्या अंगावरून गेलेलं होतं. उसंत दिसते. डोळे म्हणतात, आत्ता. आणि हात वर जात नाही. सातवी लाट आली तर? आपण चुकलो तर? ही जाऊ दे, पुढची बघू. अशा शेकडो उसंती तिनं वाळूत उभं राहून घालवल्या होत्या. "मला दिसली नाही" हे तीस वर्षांचं खोटं होतं. तो तिकडे आंधळा झाला नव्हता. तो घाबरला होता, आणि कुणीतरी त्याला सोडवायला हवं होतं.

देवगीनं वल्हं दोन्ही हातांनी उभं धरलं आणि जोरजोरात हलवलं, तो चिडला की हलवायचा अगदी तसं. ठिपका हलला. सहावी पाठ पुढे गेली आणि टॉवेल वर गेला, एका हातानं, वाकडा, पण वर गेला.

ती वल्हवत सुटली. अर्ध्या वाटेत मागून एक चुकार लाट आलीच. नाक वळलं, कयाक आडवी झाली, आणि सगळं अंग किनाऱ्याकडे पळायला निघालं. देवगी लाटेकडे कलली. डाळ करपली त्या संध्याकाळी जशी कलली होती तशी, सगळा भार टाकून. वल्हं फेसावर टेकलं, लाटेनं तिला पोत्यासारखं आडवंच फरफटत नेलं आणि गुडघाभर पाण्यात सोडून दिलं. ती कयाकवर बसलेलीच होती.

आरमुगम बुटांसकट गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरला होता. उजव्या हातानं त्यानं कयाकचं नाक धरलं. मागून माचेले ओरडत होती, "तास झाला, आन्टी! मी सांगतेय, बाबा, आता करा वर, आता करा वर. मलाच म्हणतात, गप्प बस."

"वल्हं उशिरा टेकवलंस," तो म्हणाला.

"हो."

त्यानं कयाकचं नाक वाळूकडे ओढलं. "तू रोज अशीच उभी असायचीस?"

"रोज."

त्यानं मान हलवली. मग टॉवेल तिच्या पाठीवर टाकून तो एका हातानं, ओबडधोबड पुसू लागला. खांद्याला काहीतरी टोचलं म्हणून तिनं टॉवेलाचा कोपरा पुढे ओढला. गाठ होती. कच्ची, वाकडी, आणि चावून चुरगळलेली. एका हाताच्या माणसाला गाठ दातांनीच मारावी लागते. देवगीनं ती सोडली. आत चिमूटभर वाळू होती.

"विभूती आणायची राहिली घरी," आरमुगम समुद्राकडे बघत म्हणाला.

देवगीनं वाळू परत कोपऱ्यात घेतली आणि गाठ घट्ट केली. "उद्या आणू," ती म्हणाली.