सागाचे करदोडे

माही दिपाली झाडाईले करदोडे बांधते म्हणून सारं मुकुटबन हासे. बांधे खरी. गावामागच्या जंगलात सागाच्या बुंध्याले टिनाचे पट्टे, अन् पट्ट्याले स्प्रिंग. पाणी असलं की झाड किती फुगते, दुष्काळात किती आखडते, हे त्याच्यावरून समजे. त्यावरच तिची पीएचडी चालू होती. पोरगी कापसाची पराटी निंदू निंदू शिकली, तिले हासणाराच्या तोंडी मी कायले लागू? तरी लागली. सोडलं नाई कोणाले.

त्या साली पाण्यानं दगा देला. कापूस बोंडातच वाळला, अन् दिवाळीच्या आंधीच पट्टेवाले साग ओकेबोके झाले. वनसमितीची सभा बसली. अध्यक्ष आमचे हेच, दिपालीचे बाबा. समितीतले पुंडलिकराव म्हणे, "साग मेला. तोडून वाटून घेऊ, यंदा घरात तेवढंच येईन." झाडं गेली की पोरीची साऱ्या सालाईची मेहनत गेली.

दिपाली उठली. बापाले म्हणे, "अध्यक्षसाहेब, मले बोलाचं हाये."

हे गडबडले. "बोला मॅडम," तोंडातून निंघूनच गेलं. सारे हासले, मीही हासली.

"साग मेला नाई. पाणी वाचवाले त्यानं पानं टाकली. चाला, डोयानं पाहून घ्या."

सारी सभा जंगलात गेली. तिनं विळ्यानं साल खरवडली. आत हिरवं. दुसऱ्यातही हिरवं. मंग एका पट्टेवाल्या झाडाची खरवडली, तं आत कोरडं ठक्क. "हे मेलं," ती म्हणे. "असे जे निंघतीन ते तोडा. बाकीचे राहू द्या." ते झाड तिले टाळता आलं असतं. तिनं टाळलं नाई. माही छाती अशी भरून आली का काय सांगू.

दिपालीचं ज्याले पटलं त्यानं तिथंच हात वर कराचं ठरलं. आमच्या समितीत बाया नवऱ्याचा हात पाहूनच आपला हात उचलत. हे तं हाताची घडी घालून उभे. मी त्यायच्याकडे पायलंच नाई, माहा हात पयला वर गेला. मंग समितीची वही सांभाळणाऱ्या विमलताईचा, मंग साऱ्या बायाईचा.

विमलताई हात मोजाले लागली, तं यायनंही घडी सोडून हात वर केला.

"माहाही धरा," हे म्हणे. "पण बापाचा म्हणून नोका धरू. मी साल पायली."